दुधाच्या घरातलं बाळ

आमच्या पलूस भागात तान्हं रडलं की पहिला प्रश्न, "पाजलं का गं?" वहिनी चौथ्या दिवसापासून हेच ऐकत होती. बाळ प्यायचं आणि सगळं ओकायचं. अंग हळदीसारखं पिवळं. आई म्हणाली, कावीळ सगळ्याच पोरांना होते, कोवळ्या उन्हात धरा. धरलं. आठव्या दिवशी ते मलूल पडलं, तेव्हा मिरजेला पळालो.

निदान झालं गॅलॅक्टोसेमिया. दुधातल्या साखरेतून गॅलॅक्टोज तयार होतं. ते पुढं पचवणारं जीएएलटी नावाचं एन्झाइम बाळात जवळजवळ नव्हतंच. मग यकृत बिघडतं, मोतीबिंदू होतो, रक्तात जंतू पसरतात. डॉक्टरांनी त्याच दिवशी आईचं दूध बंद करून सोयाची पावडर सुरू केली.

वहिनीला पान्हा फुटायचा. ती मोरीत जाऊन पिळून टाकायची, नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून. बाहेर गोठ्यात चार म्हशी, डेअरीला जाणारी किटली काठोकाठ.

"कुणाच्या घराण्यातनं आलं हे?" आईनं विचारलंच. दोन्हीकडून, डॉक्टर म्हणाले. सदोष जनुक आईबाप दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता. नात्यात लग्न असलं की दोघांकडं तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. वहिनी आईच्याच भावाची पोरगी. मामाची पोरगी हक्काची, हे आमच्याकडं अजून अभिमानानं सांगतात!

आई गप्प झाली.

भाचा आता सव्वा वर्षाचा आहे. चहाच्या बशीकडं हात करतो, आम्ही बशी वर धरतो.