चंद्रीच्या तारखेला चार दिवस

१२ सप्टेंबर, रात्रीचे साडेदहा

ऐरोलीहून निघायलाच सात वाजले. दिव्याला उतरले तर पाऊस. आगासनला घरी न जाता सरळ गोठ्यात शिरले. दादूसने कोपरा धुऊन चुना मारलाय. चंद्री, आमची गाभण म्हैस, आता दावणीला नाही, मोकळी आहे. बाकीच्या पाच जणी रवंथ करत तिच्याकडे बघतायत.

कॅलेंडरवर माझा हिशेब आहे. १० नोव्हेंबरला भरवली, ३१० दिवस धरले की १६ सप्टेंबर. जुलैच्या मध्यावर आटवली, म्हणजे कासेला दोन महिने विसावा. आई कॅलेंडरकडे ढुंकूनही बघत नाही. ती शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे बोटं दाबते. तिथं सैल पडून खड्डे दिसले की दिवस भरले. आज म्हणाली, "अजून कडक हाय. दोन राती तरी जातील."

पेंढ्याचा मात्र वैताग. मुरबाडहून आणलेल्यातला खालचा थर बुरशीने काळा झालेला. गाभण जनावराला असलं घालायचं नाही म्हणून मी टाकायला लावला, दादूस कुरकुरला. त्याचंही बरोबर आहे. नवं भात कापायला अजून महिना-दीड महिना आहे.

कॅल्शियमची बाटली मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय. गेल्या साली मोरी म्हशीला विण्याआधी तीन आठवडे रोज पाजलं होतं, माझ्याच हाताने. चांगलंच केलं असं वाटत होतं. व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम सोडलं आणि तासाभरात ती उभी राहिली. मग त्यांनी सांगितलं, आधीपासून भरपूर मिळालं की हाडांतलं काढून घ्यायची सवय शरीर विसरतं, आणि चीक सुटला की एकदम कमी पडतं. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बादलीत आयोडीन, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, जुने टॉवेल. भिंतीवर खडूने १९६२ लिहिलंय, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर. घाईत नेमका तोच आठवत नाही.

समोरच्या टॉवरमधून दोन मेसेज आले, "खरवस कधी?" अहो, आधी रेडकाचं पोट! तीस किलोचं असलं तर दिवसाला तीनेक लिटर चीक त्यालाच, आणि पहिला घोट तासाभरात. उरला तर तुम्हाला.

दोनचा गजर लावलाय. आई म्हणते, "गजर कशाला? ती हंबरेल की." तरी लावलाय. आत्ता बॅटरी मारून आले. चंद्री उभीच आहे, पुढ्यातली पेंड अर्धी तशीच.

आई, दोन राती म्हणालीस ना?