बावीस मे, अर्धा लिटर

परवा सकाळी संपादकांचा फोन आला. दिवाळी अंकासाठी दिलेली कथा आवडली म्हणाले, पण "ताई, ही नक्की प्रेमकथा आहे का? सासू आहे, दिराची नोकरी आहे, रेशनची रांग आहे, ती दोघं एकटी भेटतात कुठे?" त्यांच्याकडे प्रेमकथांचा विभाग वेगळा, रहस्यकथांचा वेगळा, माझी कुठेच बसेना. चार दिवसांत बदलून द्या म्हणाले.

वीस वर्षं प्रेमकथा लिहितेय, असा निरोप काही पहिल्यांदा आला नाही, पण या वेळी लागला. मी लालबागच्या चाळीतली. दहा बाय बाराची खोली, आम्ही सात माणसं, वर आईच्या खानावळीचे चार मेंबर दोन्ही वेळ जेवायला, तिथे दोघं एकटी भेटणार कुठे आणि कधी? नवरा-बायको बोलायचे ते सगळ्यांच्या देखत, म्हणजे डाळ, दूध, भाडं याबद्दलच. मला प्रेम त्यातूनच शोधून काढायची सवय लागलीय आणि ते तिथे असतं हे मी अगदी शपथेवर सांगेन.

त्याच दिवशी रंगारी यायचे होते म्हणून माळा रिकामा करत होते. आईने जपून ठेवलेली जुनी कालनिर्णयं खाली आली, साडीच्या पिशवीत सुतळीने बांधलेली. आमच्याकडे दुधाचा हिशोब कायम कालनिर्णयच्या चौकटीत असायचा. सहज १९८२ चं उघडलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक माझे बाबा. जानेवारीत रोज १ लिटर, मार्चपासून अर्धा. खानावळीचे मेंबर पण गिरणीतलेच, पगार नाही तर पैसे कुठून देणार, एकेक करून ते गावी गेले. मेमध्ये आम्ही पण सगळे संगमेश्वरला गेलो, बाबा एकटे मागे राहिले.

५ मेपासून अक्षर बदललेलं. आईची पेन्सिल नाही, बाबांचं शाईपेन. रोज चौकटीत एक शून्य. दूध घेतच नव्हते, तरी न चुकता शून्य लिहिलेलं, गोल, नीट, आईला हिशोब तुटलेला आवडायचा नाही म्हणून. अशी १७ शून्यं, मग २२ तारखेला अर्धा लिटर, आणि २३ ला परत शून्य.

आईला दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, चुकलंय, आम्ही तेवीसला आलो, रविवार होता. मग स्वतःच थांबली. शनिवारी येतो असं पत्र टाकलं होतं, पण मे महिन्याची गर्दी, एसटीत जागाच मिळाली नाही, दुसऱ्या दिवशीची मिळाली. कळवणार कसं? चाळीत फोन कुठे होता.

म्हणजे बाबांनी शनिवारी आमच्यासाठी दूध आणलं आणि आम्ही आलोच नाही. फ्रिज नाही, मे महिना, तर ते दूध नासू नये म्हणून रात्रभर थोड्या थोड्या वेळाने तापवत बसले असणार, कारण रविवारी परत आणायला पैसे नव्हते.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाहीये. आई म्हणाली, "तू ते दूध थुंकलंस गं. करपट वास येत होता. आणि मी त्यांना बोलले, इतक्या दिवसांनी पोरं आली तर साधं दूध पण धड तापवता येत नाही का म्हणून." बाबा काय म्हणाले विचारलं. "काही नाही. पातेलं घासायला घेतलं."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आईला हे परवा कळलं, एक्केचाळीस वर्षं एकत्र संसार करून.

मी त्याच रात्री कथा नव्याने लिहायला घेतली. हिशोबातली एक न जुळणारी नोंद हे रहस्यकथेचं काम, चाळ आणि संप हे सामाजिक कथेचं, सासू-दीर कौटुंबिक कथेचे, आणि यातलं एक जरी काढलं तर ते अर्धा लिटर दूध नुसतं दूध उरतं. संपादकांना कळवलंय, विभाग तुम्हाला वाटेल तो द्या, माणसं मात्र एकही कमी होणार नाही. अडीच हजार शब्द मागितले होते, चार हजार झालेत.

काल आईला वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, गोष्टीत तरी मला त्यांना बोलायला लावू नकोस. ते वाक्य रात्री मी दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. उद्या पाठवायचीय.