झेडची खोली वाढत जात होती, शेवटी कपलरपाशी सापडलं

तीन आठवडे नेमप्लेटचं काम अडकून पडलं होतं आणि आज पहिल्यांदा मशीनवर परत भरवसा बसला, त्यामुळे आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवतो. मशीन म्हणजे कोरीवकामाचा सीएनसी राउटर, ३०१८ साइजचा छोटाच, ग्रबल नावाच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालतो, झेडला म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाला टी८ लीड स्क्रू (मोटरने फिरणारा आट्यांचा दांडा), एका फेऱ्याला ४ मिमी.

झालं काय, ९० डिग्रीच्या व्ही बिटने (टोकदार व्ही आकाराच्या कटरने) अक्षरं कोरायला घेतली, पहिली दोन छान बारीक आली आणि पुढे पुढे जाड होत गेली, शेवटच्या अक्षराचे तर कोपरे एकमेकांना भिडले. ९० डिग्रीच्या बिटला खोली जेवढी चुकते त्याच्या दुप्पट रुंदी चुकते, म्हणजे ०.३ मिमी खोल गेलं की रेघ ०.६ मिमी जाड, त्यामुळे फ्लॅट बिटने पॉकेट (सपाट तळाचा खड्डा) मारताना जे लक्षातही येत नाही ते व्ही बिटमध्ये लगेच उघडं पडतं.

मी आधी सरळ $१०२ ला (ग्रबलमधली झेडची सेटिंग, १ मिमीला मोटरच्या किती स्टेप्स) हात घातला आणि तिथेच दोन दिवस गेले. एका फेऱ्याला २०० स्टेपची मोटर, प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप, ४ मिमी लीड, हिशोबाने ८०० येतात आणि ८०० च होते, तरी मी मोजमाप करून आकडा बदलत बसलो. स्टेप्स चुकलेल्या असतील तर चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच प्रमाणात राहते, १ मिमी सांगितलं तर सगळीकडे १.०५ जाईल, काम चालू असताना ती वाढत नाही. माझी वाढत होती. तेव्हा तुमचीही खोली कामाच्या ओघात बदलत असेल तर कृपया $१०२ ला हात लावू नका, मी पण परत ८०० करून टाकलं.

मग दुसरा घोळ. फाइल डावीकडून उजवीकडे चालते, म्हणजे उजवीकडचं अक्षर हे शेवटी कोरलेलं अक्षरसुद्धा आहे, मग ते खोल जातंय ते उजवी बाजू उंच आहे म्हणून की तोवर मशीन सरकलंय म्हणून, हे बघून कळणारच नाही. आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. मी बेडखाली कागदाच्या पट्ट्या सरकवत होतो आणि एकदा बरं यायचं, एकदा बिघडायचं.

इथे खरी मदत झाली ती उलट्या क्रमाच्या टेस्टची. एमडीएफच्या तुकड्यावर एका ओळीत आठ छोटी पॉकेट, प्रत्येकाला १ मिमी खोली, आणि दोन पॉकेटच्या मध्ये झेड नुसताच २० वेळा वर-खाली. एकदा डावीकडून उजवीकडे, मग शेजारी नवीन ओळ उजवीकडून डावीकडे, झिरो मात्र दोन्ही वेळा डाव्या टोकालाच घेतला. कॅलिपरच्या मागच्या दांडीने मोजलं. पहिल्या ओळीत डावं १.००, उजवं १.३८. दुसऱ्या ओळीत पहिलं म्हणजे उजवं १.०८, आणि शेवटचं म्हणजे डावं १.३०. तेव्हा उजेड पडला, दुखणी दोन होती! ०.३० मिमी वेळेबरोबर वाढत होतं आणि ०.०८ मिमी जागेचं होतं, बेडच्या उताराचं. मी इतके दिवस दोन्ही एकत्र धरून एकाच औषधाने बरं करायला निघालो होतो.

मोठं आधी धरलं. बिट कोलेटमधून (बिट पकडणाऱ्या चिमट्यातून) खाली उतरतंय का बघायला कोलेट नटच्या कडेला लागून बिटच्या दांड्यावर मार्करने बारीक रेघ मारली (अपकट बिट लाकूड वर फेकतं आणि स्वतःला खाली ओढतं, त्यामुळे ही शंका सगळ्यात आधी घ्यावी), कोलेट काढून आतला भुसाही साफ केला. टेस्ट झाल्यावर रेघ होती तिथेच. मग डायल गेज बिटच्या टोकाला न लावता झेडच्या कॅरेजला (स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारी मोटर धरून वर-खाली होणाऱ्या भागाला) लावला, ५० वेळा वर-खाली केलं, काटा परत शून्यावर यायच्या ऐवजी ०.२ खाली. म्हणजे बिट, कोलेट, स्पिंडलचा क्लॅम्प सगळे निर्दोष, गडबड कॅरेजच्या वर.

आता मला वाटलं मोटरच्या स्टेप्स सुटतायत. $११२ आणि $१२२ (झेडचा कमाल वेग आणि प्रवेग) निम्म्यावर आणले, घसरण निम्मी झाली, आणि निम्मी झाली म्हणूनच मी फसलो, कारण वाटलं अजून थोडं हळू केलं की जाईलच. नाही गेली. शेवटी रात्री टॉर्च घेऊन कपलर (मोटरचा शाफ्ट आणि लीड स्क्रू जोडणारा तुकडा) बघितला, मोटरच्या शाफ्टवरून कपलरच्या तोंडावर एक सरळ पांढरी रेघ ओढली, $११२, $१२२ पूर्वीच्या आकड्यांवर आणले आणि परत ५० वेळा चालवलं. रेघ तुटली होती. शाफ्टवरचा तुकडा आणि कपलरवरचा तुकडा यांच्यात जवळजवळ मिलिमीटरभर अंतर. ती तुटलेली रेघ बघून जो आनंद झाला तो अजून तसाच आहे.

हिशोबही जमला, ४ मिमीला ३६० अंश म्हणजे ०.२ मिमीला १८ अंश, ५ मिमीच्या शाफ्टवर ते पाऊण मिमीच्या आसपास येतं. कॅरेज वर उचलताना स्पिंडलचं वजन मोटरवर येतं, तेव्हा कपलर किंचित घसरायचा, कॅरेज सांगितल्यापेक्षा कमी वर जायची आणि पुढच्या वेळी तेवढीच जास्त खाली उतरायची. हळू उचललं की झटका कमी, म्हणून घसरणही कमी. खोली नेहमी वाढायचीच, कधी कमी व्हायची नाही, त्याचं उत्तर हे.

कपलर खोलला तर ग्रब स्क्रू (शाफ्ट दाबून धरणारा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावर न बसता त्याच्या कडेवर टेकलेला, सपाट भागाच्या काठाला चकचकीत ओरखडा पडलेला. शाफ्ट पुसून घेतला, स्क्रू बरोबर सपाटीच्या मधोमध आणला, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक लावून घट्ट केला, आणि खालच्या लीड स्क्रूच्या बाजूचेही दोन्ही स्क्रू आवळून घेतले. $११२, $१२२ पूर्वीच्याच आकड्यांवर ठेवून २०० वेळा वर-खाली केलं, काटा ०.०२ च्या आतच राहिला.

उरलेल्या ०.०८ साठी स्पॉइलबोर्ड (बेडवरची, बिट लागलं तरी चालेल अशी फळी) ६ मिमी फ्लॅट बिटने ०.२ चा एक पास मारून सपाट केला. त्याने बोर्ड मशीनच्या चालीला समांतर होतो, स्पिंडल काटकोनात येत नाही, हे वेगळं काम आहे. बोट फिरवलं तर दोन पासच्या मध्ये बारीक कड लागते, स्पिंडल वायच्या दिशेने थोडा कललाय, तो पत्र्याची पातळ शिम घालून सरळ करायचा आहे. आणि लाकूडही फक्त कडेला क्लॅम्प केलं की मधे उचलतं, म्हणून आता डबल टेप.

आज तीच आठ पॉकेट परत मारली, दोन्ही क्रमांनी. सगळी ०.९८ ते १.०२. नेमप्लेटसाठी नवीन फळी कापून ठेवलीय.