आमची वाटचाल: कठड्यावरून खांबावर

वडिलांनी पुण्यात ओतकामाचा कारखाना टाकला तो देवाच्या मूर्ती आणि अर्धपुतळ्यांसाठी. ती वर्षं बरी गेली. सांगायचंय ते पुलाच्या कामाचं.

एका शहरात नव्या पुलासाठी सहा पुतळे ठरले. आर्किटेक्टने चौथरे दाखवले थेट कठड्यावर, दोन खांबांच्या बरोबर मध्ये. आम्हाला बोलावलं तेव्हा स्लॅब ओतून झाला होता. वजन खाली कुठे उतरणार, हे मी पहिल्याच बैठकीत विचारलं. "तुम्ही माती लावायला घ्या," एवढंच उत्तर. चार पुतळ्यांचे मातीचे नमुने झाले, दोघांचे प्लास्टरचे साचे निघाले, आणि मग इंजिनिअरचं पत्र आलं: कठड्याला भार झेपणार नाही. काम रद्द. तेच पुढे दुसऱ्याने फायबरमध्ये केलं, वरून ब्राँझचा रंग मारून. आमचा अॅडव्हान्स तांबं आणि कथील घेण्यात संपला होता. चौदा महिने भट्टी पेटली नाही. ग्राइंडर विकले, वडिलांच्या बांबूच्या कोरण्या तेवढ्या राहिल्या.

तेव्हा एक वयस्कर आर्किटेक्ट साहेब पादचारी पुलाचं काम घेऊन आले, कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी. मला पुण्यातल्याच बंडगार्डनच्या फिट्झगेराल्ड पुलावर नेलं. 1867 चा पूल, कॅप्टन सेलनने आखलेला. "सिंह बघा कुठे बसवलेत. पुलाच्या टोकांना." लंडनच्या व्हॉक्सहॉल पुलाचे फोटोही दाखवले. तो 1906 साली खुला झाला. शिल्पकार ड्रूरी आणि पोमेरॉय यांचे आठ ब्राँझ पुतळे दुसऱ्या वर्षी बसले, तरी निभावलं, कारण ते खांबांवर उभे आहेत. त्यातल्या 'वास्तुकला' नावाच्या पुतळ्याच्या हातात सेंट पॉल कॅथेड्रलची छोटी प्रतिकृती आहे. रस्त्यावरून ती दिसत नाही, नदीतून दिसते.

साहेबांच्या पादचारी पुलाला खांबाचं काँक्रीट ओतण्याआधीच आमचे पुतळ्यांचे बोल्ट सळ्यांत बांधले गेले. चौथऱ्याला पाणी निघायचं भोक मी सुचवलं, त्यांनी नकाशात घेतलं. पोकळ ब्राँझमध्ये पाणी साठलं की आतलं आधाराचं लोखंड गंजतं आणि डाग बाहेर ओघळतात. नव्या पोरांनो, खांबाचा नकाशा हाती आल्याशिवाय घमेलंभर माती भिजवू नका. आणि स्लॅब ओतल्यावर बोलावलं तर सरळ नाही म्हणा.

रद्द झालेल्या कामाचे दोन साचे अजून माळ्यावर आहेत. जागा अडते म्हणून पोरं फोडायला मागतात. मी हात लावू देत नाही.