सोतोमेचा प्रार्थनेचा खडक

नागासाकीत पोचल्यावर आधी निशिझाका टेकडी गाठली. मी वसईची, मला ती चुकवून चालणारच नव्हतं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथं २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर मारलं, आणि त्यांत आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया होते. ब्राँझच्या २६ मूर्तींपुढं हात जोडताना घसा दाटून आला.

दुसऱ्या दिवशी बसनं नागासाकीजवळच्या सोतोमे भागात गेले. तिथल्या कुरोसाकी गावाच्या वर रानात कारेमात्सु देऊळ आहे. देऊळ शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, पण पूजा होते ती सान जुआन नावाच्या फादरची! १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. त्या काळात तो या डोंगरात लपला आणि इथंच वारला, असं गावकरी सांगतात. त्याचा शिष्य बास्तियान. पकडला जाण्याआधी तो म्हणे सांगून गेला, सात पिढ्या कळ काढा, मग मोठ्या गलबतातून पापनिवेदन ऐकायला फादर येतील.

देवळापाशीच तो खडक आहे. शेवाळलेला, थंडगार. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रात्री लोक याच्या आडोशाला जमायचे आणि दबक्या आवाजात 'ओराशो', म्हणजे प्रार्थना, घोकायचे. मूळचे लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द, बापाकडून मुलाकडं तोंडी आलेले. अर्थ पुसट होत गेला, तरी पाठांतर सुटलं नाही. १७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीच्या गावकऱ्यांनी फ्रेंच फादर पेतिजाँना हळूच सांगितलं, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, म्हणजे आम्हीही ख्रिस्तीच. अडीचशे वर्षांनी! तरीही बंदी उठायला १८७३ उजाडलं.

झाडांखाली चपट्या दगडांच्या कबरी आहेत. वर क्रूस नाही, कारण क्रूस दिसला की जीव गेलाच. प्रार्थनेपुरता पांढऱ्या खड्यांचा क्रूस मांडायचा आणि आमेन म्हणताच विस्कटून टाकायचा, अशी रीत सांगतात. एका कबरीवर तसे काही खडे होते, पावसानं धुतलेले. मी त्यांना हात लावला नाही.

परत खडकापाशी आले. ओल्या दगडाला पाठ टेकवली आणि आईनं शिकवलेली 'नमो मारिया' मराठीतून म्हटली. मुद्दाम मोठ्यानं, शेवटच्या आमेनपर्यंत.