तुम्ही विचारलंत म्हणून: काकू, गुंडांचा सिनेमा का सांगितलात?

फेब्रुवारीत इथली विद्यापीठं सुरू होतात आणि सिडनीतल्या आमच्या हॅरिस पार्कात पाठीला सॅक लावलेली नवी मुलं दिसायला लागतात. कोणाची तरी मावशी, कोणाची तरी शेजारीण त्यांना माझा नंबर देते. सुरुवातीचे प्रश्न ठरलेले असतात. खोली कुठे बघू, ट्रेन-बसचं ओपल कार्ड कसं काढू, कढीपत्ता कुठे मिळतो. महिनाभरात जरा रुळली की विचारतात, "काकू, इथला एखादा सिनेमा सांगा ना, इथली माणसं कळतील असा." मी वर्षानुवर्षं एकच नाव सांगते, 'टू हँड्स'. बघून झाला की हमखास फोन येतो. "काकू, इतके सिनेमे असताना तुम्ही गुंडांचा का सांगितलात?" प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगत आले, आज सगळं लिहूनच काढते.

१९९९ सालचा हा सिनेमा. दिग्दर्शक ग्रेगर जॉर्डनचा पहिला पूर्ण लांबीचा. सिडनीच्याच डार्लिंगहर्स्ट भागातल्या ट्रॉपिकाना कॅफेत १९९३ साली 'ट्रॉपफेस्ट' हा लघुपटांचा महोत्सव सुरू झाला. तिथे १९९५ साली जॉर्डनचा लघुपट पहिला आला. त्या कॅफेतून चालत निघालं तर पाच-दहा मिनिटांत किंग्ज क्रॉस, म्हणजे तेव्हाची रात्रीच्या क्लबांची वस्ती, येते, आणि सिनेमाची गोष्ट नेमकी तिथलीच आहे. म्हणजे हे बघणाऱ्याचं लांबून बघणं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गोष्टीतला जिमी म्हणजे हीथ लेजर, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. पुढे त्याचं जे नाव झालं आणि २००८ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो जो गेला, ते तुम्हाला माहीत आहेच. इथे मात्र तो किंग्ज क्रॉसमधल्या एका क्लबच्या दाराशी उभा राहून गिऱ्हाइकांना हाका मारतो. या कामाला इथे 'स्प्रूकर' म्हणतात. आपल्याकडे भाजीवाला हाळी देतो ना, तेच काम, फक्त माल वेगळा. तिथला दादा पँडो त्याच्यावर एक काम सोपवतो. दहा हजार डॉलर समुद्रकाठच्या बाँडाय भागात एका बाईकडे पोचवायचे. जिमी जातो, बाई दार उघडत नाही. वाट बघता बघता तो समुद्राकडे वळतो, पैसे वाळूत पुरतो आणि पाण्यात उतरतो. बाहेर येतो तर पैसे नाहीत. रस्त्यावर राहणाऱ्या दोन पोरांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, ते उचललेले असतात.

दहा हजार डॉलर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे बॅग येते. मी त्यांना सांगते, शंभराच्या नोटा धरल्या तर त्या भरतात शंभर. १९९६ पासून इथल्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत. शंभर नोटांची थप्पी बोटाच्या रुंदीएवढीही होत नसेल. ती पँटच्या खिशात मावते, चपलेखाली झाकते, ओंजळभर वाळूत दिसेनाशी होते. माणसाचा जीव जाईल एवढी रक्कम, आणि हातात धरली तर एवढीशी.

बाँडायला गेलात तर बघा, किनाऱ्यावर सगळे हेच करतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं हे लाइफसेव्हर सांगतात, पण किल्ल्या आणि फोन कुठे ठेवायचा ते कोणी सांगत नाही. कोणी बुटात मोजा कोंबतो आणि मोज्यात किल्ली. कोणी टॉवेलची घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो. कोणी शेजारच्या अनोळखी कुटुंबाला नुसती मान हलवून विचारतो, बघाल का जरा? आणि ते "नो वरीज" म्हणतात. जिमीने केलं ते वेडेपणाचं नव्हतं. तो या शहरातला मुलगा आहे. ऊन पडलं, समोर पाणी दिसलं, तो उतरला. ही एक गोष्ट कळली तरी सिडनी बरीच कळते.

आता गुंडांविषयी. पँडोचं काम ब्रायन ब्राउनने केलंय. तो पनानियात वाढलेला, म्हणजे सिडनीच्या नैर्ऋत्येकडचा, आणि त्याच्या बोलण्यात ती उपनगरं जशीच्या तशी आहेत. मुलांना मी म्हणते, कान इथे तयार करा. विद्यापीठातलं इंग्रजी तुम्हाला येतंच. बांधकामावरचा, टायरच्या दुकानातला, ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस असं बोलतो. शब्द गिळत, कोणाला मारायची भाषासुद्धा आवाज न चढवता. हे गुंड हाफ पँट आणि स्लीपर घालून फिरतात. त्यांना घर आहे, बायका-पोरं आहेत, पँडोचा आपल्या मुलावर जीव आहे. ऐनवेळी त्यांची बंदूक चालत नाही. आपण हसतो, आणि हसावंच. पण जिमीला ते खरोखरच मारायला नेत असतात आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन जेवणार असतात. वाईट माणूस वेगळा दिसतो, ही समजूत घेऊन परक्या शहरात एकट्याने राहणं धोक्याचं आहे.

किंग्ज क्रॉस तेव्हा खरंच तसं होतं. पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारा वुड आयोग १९९५ ते १९९७ चालला, आणि क्रॉसमधले क्लब, अमली पदार्थ आणि हप्ते त्यात चव्हाट्यावर आले. त्यानंतर दोनच वर्षांनी हा सिनेमा आला. आज तुम्ही डार्लिंगहर्स्ट रोडवर जाल तर कोका-कोलाची ती मोठी लाल पाटी दिसेल, एल अलामेनचं कारंजं दिसेल, पण ते क्रॉस दिसणार नाही. २०१४ साली रात्री दीडनंतर क्लबात नवा माणूस घ्यायचा नाही असा कायदा आला. २०२१ साली तो तिथून उठेपर्यंत जुने क्लब एकेक करून बंद पडले होते. त्या जागी महागडे फ्लॅट आले. ह्यूज स्ट्रीटवरचं वेसाइड चॅपल मात्र अजून आहे. १९६४ पासून रस्त्यावरच्या माणसांना तिथे दार उघडं असतं.

आणि इथेच माझं खरं उत्तर आहे. ती दोन पोरं. दुसऱ्या कुठल्याही विनोदी सिनेमात पैसे चोरून ती पळाली की त्यांचं काम संपलं असतं. गोष्ट जिमीची, त्याने पैसे परत कसे मिळवायचे याची. त्यासाठी तो मेलेल्या भावाच्या बायकोमार्फत बँक लुटायला निघतो, मध्येच गावाकडून आलेल्या अॅलेक्सच्या प्रेमात पडतो. हे सगळं आहेच, आणि झकास आहे. पण जॉर्डन त्या पोरांना सोडत नाही. नव्या पैशाने ती काय काय करतात ते तो दाखवतो. आणि मग टोळीतल्या एकाच्या गाडीखाली तो मुलगा सापडतो. गाडी निघून जाते. चालवणाऱ्याला तेवढी फुरसतच नाही.

दहा हजार डॉलरचा हिशेब सगळे करतात. पँडो करतो, जिमी करतो, आपणही सिनेमाभर करत असतो. त्या मुलाचा हिशेब फक्त ती मुलगी ठेवते. तिने पुढे काय केलं ते मी कोणालाच आधी सांगत नाही.

त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि मूळ पटकथा हे मान याला मिळाले. ब्रायन ब्राउनला आणि संकलक ली स्मिथलाही मिळाले. हाच ली स्मिथ पुढे लेजरच्या जोकरचा सिनेमा, 'द डार्क नाइट'ही संकलित करणार होता.

गेल्या वर्षी चौघांना घरीच बोलावलं होतं. पोहे केले होते, सगळे जमिनीवर बसलेले. बंदूक चालत नाही तिथे सांगलीचा एक मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. गाडीचा प्रसंग आला तेव्हा त्याने बशी खाली ठेवली. मला म्हणाला, "काकू, जरा थांबवा." मी थांबवला. पडद्यावर रस्ता तसाच राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं?"

"पीट," मी म्हटलं.

बाकीच्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात नव्हतं. मी सिनेमा मागे घेतला, आणि दोघं पहिल्यांदा दिसतात तिथून पुन्हा लावला.