तुम्ही विचारलंत म्हणून : रेल्वे वाढवायची, तर टोल गाडीवाल्यांनी का भरायचा?

"जो रेल्वेत पाऊलही ठेवत नाही, त्याने तिचे रूळ टाकायला पैसे का द्यायचे?" उपनगरी रेल्वेचा मार्ग पुढे न्यायचा आणि त्याच पट्ट्यातल्या रस्त्यावरच्या टोलमधून खर्च भागवायचा, असा प्रस्ताव कुठेही आला की जनसुनावणीत पहिला हात वर होतो तो हा प्रश्न घेऊन. मलाही बहुतेक वेळा हेच विचारलं जातं. माझं मत असं, की टोल घ्यायला हरकत नाही. मात्र टोलने एकूण किती रक्कम द्यायची, तो आकडा पहिल्या दिवशी करारात लिहिलेला हवा. सगळी भांडणं त्या न लिहिलेल्या आकड्यातून निघतात. न्याय-अन्यायाची चर्चा त्यामानाने लवकर मिटते.

ती आधी मिटवू. गर्दीच्या रस्त्यावरून रोज काही हजार लोक रेल्वेकडे वळले, तर उरलेल्या गाड्यांना जागा मिळते. हा फायदा गाडीवाल्याच्या पदरात पडतो, तोही तिकीट न काढता. म्हणून रेल्वे आणि रस्ता एकाच पट्ट्यात असतील, तेच प्रवासी दोन्हींतून निवड करत असतील, तर टोलचं समर्थन करता येतं. शहराच्या पूर्वेच्या पुलावर टोल आणि रेल्वे पश्चिमेला, असं असेल तर ते समर्थन लंगडं पडतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या डलस टोल रोडवर हा वाद थेट न्यायालयात गेला. वॉशिंग्टनच्या मेट्रोची 'सिल्व्हर लाइन' याच पट्ट्यातून, डलस विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधल्या पट्टीतून नेली आणि खर्चाचा मोठा भाग टोलवर टाकला. हा टोल म्हणजे विधिमंडळाला डावलून लावलेला कर आहे, असा वाहनचालकांचा दावा होता. अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो फेटाळला. रस्ता वापरणं ऐच्छिक आहे, मोबदल्यात विशिष्ट सोय मिळते आणि पैसा त्याच पट्ट्यातल्या वाहतुकीवर खर्च होतो, हे त्या निकालामागचे मुद्दे होते.

कायद्याने टोल टिकला. हिशेबात मात्र त्याच रस्त्यावरच्या लोकांच्या तोंडाला फेस आला, आणि तो का आला हे बघण्यासारखं आहे.

सिल्व्हर लाइनच्या निधीकरारात फेअरफॅक्स काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वाटा १६.१ टक्के, लाउडन काउंटीचा ४.८ आणि विमानतळ प्राधिकरणाचा ४.१ टक्के; टोल रोड याच प्राधिकरणाच्या ताब्यात. बेरीज बरोब्बर २५. केंद्र सरकारचं अनुदान पहिल्या टप्प्यासाठी ९० कोटी डॉलर, म्हणजे रक्कम ठरलेली, टक्का नव्हे. राज्याची मदतही ठरावीक रकमांची. मग उरलेलं कोणी द्यायचं? टोल रोडने. वरवर पाहता ही निरुपद्रवी वाटणी वाटते. आता खर्च १०० डॉलरने वाढला असं धरा. टक्केवारीवाले तिघे मिळून २५ देतील. केंद्राची रक्कम गोठलेली, तिथून काही येणार नाही. राज्याने नव्याने हात सैल सोडला नाही, तर उरलेले ७५ टोलवर. प्रकल्पात टोलचा वाटा ढोबळमानाने निम्मा, पण वाढीव खर्चात तो तीन चतुर्थांश! जमिनीखालून बोगदा काढला, स्थानक टर्मिनलच्या जवळ आणलं, काम रखडून व्याज चढलं, तरी त्यातला मोठा भार नाक्यावर येणार. विमानतळाचं स्थानक भुयारी करायचा बेत २०११ मध्ये सोडून ते जमिनीच्या वर बांधलं गेलं, त्यामागे खर्चाचा हाच ताण होता.

नाक्यावर काय दिसलं? मुख्य नाका आणि बाहेर पडतानाचा नाका मिळून २०१४ मध्ये ३.५० डॉलर पडत होते. २०१९ मध्ये ४.७५ आणि २०२३ मध्ये ६ डॉलर. नऊ वर्षांत सत्तर टक्क्यांहून जास्त वाढ, आणि रस्त्याची लांबी २०-२२ किलोमीटर. गाडी जाऊन-येऊन १२ डॉलर मोजू लागली.

दर असे पायऱ्यापायऱ्यांनी का चढतात, हे समजायला टोलचं कर्जात रूपांतर कसं होतं ते पाहावं लागतं. रेल्वे बांधायला पैसा आज लागतो आणि टोल येतो तीस-चाळीस वर्षं. म्हणून भावी टोल तारण ठेवून रोखे काढतात. समजा १०० कोटींचं कर्ज, ५ टक्के व्याज, ३० वर्षांची मुदत, समान हप्ते. दरवर्षी साधारण साडेसहा कोटी द्यावे लागतात. मुदतीअखेर १९५ कोटी फिटलेले असतात. व्याज ७ टक्के झालं तर हप्ता आठ कोटींच्या पुढे जातो. पण रोखे घेणारा नेमक्या हप्त्याएवढ्या उत्पन्नावर समाधान मानत नाही. निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या किमान सव्वापट तरी हवं, असली अट घालतो. म्हणजे साडेसहाच्या हप्त्याला आठ कोटींच्या वर निव्वळ उत्पन्न. नाके चालवणं, वसुली, रस्त्याची डागडुजी यांवर जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा जातो असं धरलं, तर नाक्यावर वर्षाला जवळजवळ ११ कोटी जमायला हवेत. सभेत कोणी "टोलमधून १०० कोटी उभे राहतील" म्हणालं, की आपण मनात "म्हणजे तीस वर्षं दरसाल अकरा कोटी" असं भाषांतर करावं.

सुरुवातीला टोल कमी ठेवायचा असेल तर आणखी एक युक्ती करतात. पहिली काही वर्षं व्याज रोख देत नाहीत, ते मुद्दलात मिळवत जातात. ६ टक्क्यांनी असं साचलेलं देणं बारा वर्षांत दुप्पट होतं. डलसच्या रोख्यांतले काही याच जातीचे होते. रेल्वे सुरू होण्याच्या सुमारास टोल बेताचा दिसतो, मग देणं उंबऱ्याशी येतं आणि दर उडी मारतो. मला ही पद्धत आवडत नाही. मत मागणारे लोकप्रतिनिधी आणि चढा टोल भरणारे लोक यांच्यात त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडतं. त्यापेक्षा स्वस्त सरकारी कर्ज बरं. २०१४ मध्ये केंद्राच्या वाहतूक कर्ज योजनेतून विमानतळ प्राधिकरणाला सुमारे १२८ कोटी डॉलर मिळाले. त्यामुळे टोलवरचा ताण हलका झाला, संपला नाही.

जमलेला टोल कोणत्या क्रमाने वाटला जातो, हेही करारात असतं आणि ते पान सहसा कोणी वाचत नाही. आधी वसुली आणि देखभाल, मग पहिल्या प्रतीच्या रोख्यांचं व्याज-मुद्दल, मग दुय्यम रोखे, मग राखीव निधी, मग रस्त्याच्या मोठ्या दुरुस्त्या. रेल्वेला वर्षाकाठी थेट रोख रक्कम कबूल केलेली असली, तर ती कितव्या पायरीवर आहे ते बघा. शेवटच्या पायरीवर असेल तर मंदीच्या पहिल्याच वर्षी रेल्वेच्या हाती भोपळा येतो.

आता बिघडतं कुठे ते. सगळ्यांत आधी वाहतुकीच्या अंदाजात. अंदाज करणाऱ्याला प्रकल्प उभा राहिलेला हवा असतो, त्यामुळे आकडे वरच्या बाजूला झुकतात. अशा अहवालात बाजूच्या फुकट रस्त्यांचा तक्ता आहे का, ते मी पहिल्यांदा शोधतो. डलस पट्ट्यात टोल रोडला समांतर रूट ७ आणि रूट ५० आहेत. टोल वाढला की काही गाड्या तिकडे सरकतात. तिथे सिग्नल, शाळा, वस्त्या. गर्दी हटत नाही, जागा बदलते. दर १० टक्के वाढवल्यावर गाड्या ३ टक्के घटल्या, तर उत्पन्न १० टक्के वाढत नाही, साधारण पावणेसात टक्के वाढतं. गाडीवाल्याला दुसरा रस्ता जितका सोपा, तितकी ही गळती मोठी. पुलावर किंवा बोगद्यावर ती कमी असते, कारण नदी ओलांडायला पर्याय नसतो.

दुसरी अडचण जरा गंमतीची. रेल्वे चांगली चालली, तर टोल भरणाऱ्या गाड्या कमी होतात. रेल्वेच्या यशाने रेल्वेचंच कर्ज फेडणारं उत्पन्न झिजतं. गर्दीच्या तासाला रस्ता खच्चून भरलेला असेल, तर सुटलेली जागा नव्या गाड्या भरून काढतात आणि फटका सौम्य राहतो. रस्ता मुळातच अर्धा रिकामा असेल, तर फटका पुरता बसतो. महासाथीच्या काळात ऑफिसं घरी आली आणि रस्ता व रेल्वे दोन्हींचे प्रवासी एकदम आटले. तिकीट आणि टोल हे एकमेकांचे आधार आहेत असं मानून केलेली मांडणी अशा वेळी दोन्हीकडून उसवते, कारण दोन्हींचा ग्राहक तोच ऑफिसला जाणारा माणूस.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महाग आणि सभेत सगळ्यांत कमी बोलली जाणारी. रूळ टाकायचा खर्च एकदाच. गाड्या चालवायचा खर्च कायमचा. उपनगरी रेल्वेचा चालू खर्च तिकिटांतून पूर्ण निघतो अशी ठिकाणं जगात थोडी. टोल तीस वर्षांच्या रोख्यांना बांधला गेला, की मोटरमन, वीज, डबे-दुरुस्ती यांच्यासाठी त्यात काही उरत नाही. मग स्थानकं नवी कोरी आणि गाडी तासाला एक. विस्ताराच्या प्रस्तावाबरोबर पहिल्या दहा वर्षांच्या चालू तुटीचा आकडा आणि ती भरणाऱ्याचं नाव नसेल, तर तो प्रस्ताव अपुरा आहे असं मी सरळ म्हणतो. टोलने बांधकाम उचलावं आणि चालू तूट स्थानिक करांनी, ही वाटणी मला रास्त वाटते. उलट केली तर निदान टोल दरवर्षी फेरतपासता येतो. दोन्ही टोलवर टाकणं मात्र आत्मघात.

मतदान घेतलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतालच्या नऊ काउंट्यांनी जून २०१८ मध्ये सात सरकारी पुलांवरचा टोल टप्प्याटप्प्याने ३ डॉलरने वाढवायला सुमारे ५५ टक्के मतांनी मंजुरी दिली. विरोधक न्यायालयात गेले : ही फी नसून कर आहे, आणि करासाठी दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९ पासून वाढीव टोल गोळा होत राहिला, पण खटला २०२३ च्या सुरुवातीला निकालात निघेपर्यंत पैसा वेगळ्या खात्यात कुलूपबंद. त्यातल्या ४ कोटी डॉलरवर 'स्मार्ट' या तिथल्या उपनगरी रेल्वेचा विंडसर या गावापर्यंतचा विस्तार अवलंबून होता. काम थांबलं, आणि स्थानक उघडायला मे २०२५ उजाडला. पैसे भरले लोकांनी, भाव वाढले बांधकामाचे. म्हणून नुसत्या बहुमतावर निसटता विजय मिळवण्यापेक्षा, ही वसुली कायद्याच्या भाषेत कर की फी, याचं उत्तर आधी पक्कं करून घेणं शहाणपणाचं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गने उलटा क्रम लावला. शहराखालून उपनगरी गाड्यांचा बोगदा, रस्ते, पूल असा ३४ अब्ज क्रोनरचा एकत्र आराखडा. त्यातले १४ अब्ज गर्दी-करातून, म्हणजे शहरात ये-जा करणाऱ्या गाड्यांवरच्या टोलसारख्या करातून. कर जानेवारी २०१३ पासून सुरू झाला आणि जनमत २०१४ मध्ये घेतलं गेलं. बहुसंख्य लोक विरोधात गेले. मत सल्ल्यापुरतं असल्याने कर चालूच राहिला. कायदेशीरदृष्ट्या चूक काही नाही, पण विचारून ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला, हा राग तिथे बरीच वर्षं धुमसत राहिला. एक गोष्ट मात्र तिथे चांगली होती : टोलच्या वाट्याची रक्कम आकड्यात लिहिलेली होती.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी आणायला ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ९ डॉलर लागतात. त्या बळावर १५ अब्ज डॉलर उभे करायचे, आणि त्यातले १०-१० टक्के दोन उपनगरी रेल्वेंना. वसुली जून २०२४ मध्ये सुरू व्हायची होती. ऐनवेळी राज्यपालांनी ती थांबवली आणि तिच्या भरवशावर आखलेली कामं पुढे ढकलावी लागली. टोल सुरू होऊन दोन-तीन महिने पैसा आलेला दिसेपर्यंत मोठं कंत्राट देऊ नये, हे माझं मत त्या प्रकरणाने आणखी पक्कं केलं.

तेव्हा तुमच्या गावी सुनावणी असेल, तर "टोल नको" किंवा "रेल्वे हवीच" एवढं बोलून खाली बसू नका. कर्ज फिटेपर्यंतचं संपूर्ण दरपत्रक मागा, नुसतं पहिल्या पाच वर्षांचं नव्हे. खर्च २० टक्के वाढला तर त्यातले किती टक्के टोलवर येतील, हे आकड्यात विचारा. "सर्व भागीदार मिळून ठरवतील" हे उत्तर आलं तर टोलवर येतील असं समजा. समांतर रस्त्यांवर किती गाड्या वळतील आणि तिथल्या दुरुस्तीसाठी तरतूद किती, तेही. नाका पार करून स्थानकावर गाडी लावणाऱ्याला टोल आणि तिकीट दोन्ही पडणार का, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वाहनतळ नाक्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर पहिल्या वर्षाचे प्रवासी ठरतात. आणि शेवटचा रोखा फिटल्यावर टोल बंद होणार, कमी होणार की चालू राहणार, त्याची तारीखवार नोंद करारात कोणत्या कलमात आहे, ते कलम मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.